वासराला झटका देऊ नका

रजा संपवून दवाखान्यातली मदतनीस सोनिया कामावर आली, टेबलावरचा नवा छापील कागद तिनं वाचायला घेतला आणि वाचता वाचता ती मटकन खुर्चीत बसली. उजैरला वाटलं, हिला भोवळबिवळ आली की काय. तो पाण्याची बाटली घेऊन धावला. जवळ गेल्यावर कळलं, ती हसत होती. तोंडावर ओढणी दाबून, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

"सर, हे कुणी लिहिलं?"

"मीच. का? काही चुकलं?"

"तसं चुकलं नाही सर. पण हे माणसांसाठी आहे का जनावरांसाठी?"

उजैर इनामदार हा फिजिओथेरपिस्ट. पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलात काही वर्षं काढून तो घरी परतला होता आणि शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्यापासून आत वळणाऱ्या गल्लीत, कापडाच्या दुकानांच्या मागं त्यानं स्वतःचा दवाखाना टाकला होता. हाताला गुण होता, स्वभावानं मऊ होता, त्यामुळं आखडलेल्या पाठी आणि धरलेले गुडघे घेऊन येणाऱ्यांची वर्दळ हळूहळू वाढत होती. शहरातले येत, तशी कन्नडकडची, खुलताबादकडची खेड्यांतली माणसंही येत.

धास्ती होती ती एकाच गोष्टीची, मराठीची. दहावीपर्यंत उर्दू शाळा, पुढं सगळं शिक्षण इंग्रजीत आणि घरात दखनी. बाजारातली मराठी तो फडाफडा बोलायचा. भाव करायचा, वेळ पडली तर रिक्षावाल्याशी भांडायचा. पण कागदावरची मराठी पुढ्यात आली, की भर परीक्षेत पेपर कोरा राहिल्यासारखं त्याचं व्हायचं. घरी करायच्या व्यायामांचे कागद त्याच्याकडं इंग्रजीत होते. म्हातारी माणसं ते मोठ्या आदरानं घेत, चार घड्या घालून खिशात ठेवत आणि पुन्हा कधी उघडत नसत. सोनिया लग्नाला म्हणून जालन्याला गेली, तेव्हा त्यानं मनावर घेतलं. फोनमधल्या एका ॲपला इंग्रजी मजकूर दिला, त्यानं दिलेली मराठी उतरवून घेतली आणि पलीकडच्या गल्लीतून कागद छापून आणले. परत आल्यावर सोनिया चकित होईल, असं त्याला वाटलं होतं. तेवढं मात्र खरं ठरलं.

सोनियानं डोळे पुसले आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'भिंतीकडे तोंड करून उभे राहा. दोन्ही हात भिंतीवर टेकवा. एक पाय मागे घ्या. टाच जमिनीवर घट्ट ठेवा. आपले वासरू ताणले जात असल्याचे जाणवेपर्यंत हळूहळू पुढे झुका. वासराला झटका देऊ नका.'" तिचा श्वास पुन्हा अडखळला. "'वासरात वेदना झाल्यास त्वरित थांबा. आता दुसऱ्या वासरासोबत हीच क्रिया पुन्हा करा.'"

"वासरू म्हणजे..." उजैर म्हणाला आणि तिथंच थांबला. वासरू म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. बछडा. छापायच्या आधी त्यानं कागद दोनदा वाचला होता, पण न येणारा पेपर पुढ्यात आल्यावर डोळे जसे नुसते अक्षरांवरून घसरतात, तसे घसरले होते. गुडघ्याच्या खाली, पायाच्या मागच्या बाजूला जो मांसल गोळा असतो त्याला इंग्रजीत काफ म्हणतात आणि गाईच्या पिल्लालाही काफच म्हणतात. ॲपनं त्यातलं नेमकं चार पायांचं निवडलं होतं.

"मराठीत याला काय म्हणतात?" त्यानं स्वतःचा पाय मागं वळवून, तिथं हात ठेवून विचारलं.

"पोटरी."

"पोटरी," त्यानं म्हणून पाहिलं. "आम्ही पिंडली म्हणतो."

"मग पिंडली लिहिलं असतं तरी चाललं असतं सर. सगळ्यांना कळलं असतं."

हे ऐकून तर त्याला अधिकच ओशाळल्यासारखं झालं.

पेशंटांकडं गेलेले कागद फार नव्हते. सोनियानं एकेकाला फोन लावला. एका बाईंनी कागद अजून पर्समधून काढलाच नव्हता. बद्रीनाथ सरांनी, म्हणजे निवृत्त हेडमास्तरांनी, तो वाचून त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलासुद्धा होता. "डॉक्टर, रागावू नका, पण मंडळी फार दिवसांनी इतकी हसली," असं ते म्हणाले. राहिले फक्त काकासाहेब.

काकासाहेब जाधव, कन्नडच्या पुढचे शेतकरी. पासष्टी ओलांडलेले, उंच, सडपातळ. मागच्या उन्हाळ्यात विहिरीच्या काठावरून घसरून त्यांचा घोटा मोडला होता. प्लास्टर लांबलं, हाड नीट सांधलं, पण तोवर पोटरी आखडून गेली. टाच पुरती टेकेना, चार पावलं टाकली की मागं कळ यायची. शेतात चक्कर मारल्याशिवाय चहा न घेणारा माणूस दिवसभर बाजेवर पडून राहायला लागला होता. त्यांचा मुलगा शिवराज शहरात नोकरीला होता. त्यानंच त्यांना दवाखान्यात आणलं होतं. उजैरनं त्यांना व्यायाम करून दाखवला होता, पण त्यांचं लक्ष कागदाकडंच जास्त होतं. "छापील हाय ना? मंग झालं. वाचून करतो," असं म्हणत त्यांनी तो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला होता.

त्यांचा फोन लागेना. शिवराजचा लागला, पण तो कंपनीच्या कामासाठी गुजरातेत गेला होता. "बापूंना रेंज नसते वस्तीवर. येतील की तारखेला," तो म्हणाला. काय झालं हे सांगायला उजैरची जीभ रेटली नाही.

रात्री जेवताना त्यानं हे बहिणीला, आमरीनला, सांगितलं. आमरीन त्याच्यापेक्षा मोठी, कॉलेजात इंग्रजी शिकवायची. शब्दांचं तिला वेड होतं. लोक जुनी नाणी जमवतात तशी ती शब्दांची कुळंमुळं जमवायची. आधी ती पोटभर हसली. मग हात धुऊन जाडजूड शब्दकोश घेऊन आली आणि भावाची काळजी बाजूला ठेवून त्यात रमली.

"काफ म्हणजे गाईचंच वासरू असं नाही हं," ती म्हणाली. "हत्तीचं पिल्लूही काफ, देवमाशाचंही काफ. समुद्रात बर्फाचा डोंगर असतो ना, त्यातून मोठा तुकडा तुटून पाण्यात पडला, की म्हणतात डोंगर व्याला. तो तुकडा म्हणजे काफ. मोठ्या बेटाशेजारी इवलंसं बेट असलं तर तेही काफ. आईला चिकटून उभं असल्यासारखं. जुनी पुस्तकं ज्या मऊ चामड्यात बांधायचे, त्याचंही नाव हेच. आणि सोळाव्या वर्षी पोरं प्रेमात पडतात ना, आरशासमोर तासभर उभी राहतात, त्या प्रेमालाही वासराचं प्रेम म्हणतात."

"आपा, आणि उर्दूत काफ म्हणजे एक अक्षर," उजैर वैतागून म्हणाला. "माझ्या पेशंटचं काय ते बोल."

"तुझा पेशंट शहाणा माणूस आहे. वासराला भिंतीला लावून ताणत बसणार नाही."

उजैरला तेवढा भरवसा वाटत नव्हता.

तारखेला काकासाहेब आले, ते पायऱ्या चढून, काठी न टेकता. दारातूनच त्यांचा आवाज आला, "राम राम डागदरसाहेब! अवो, काय औषध दिलं तुमी! लई म्हंजे लईच गुण!"

उजैरनं त्यांना टेबलावर झोपवलं आणि पाऊल हातात घेऊन वर दुमडलं. पहिल्या वेळी अर्ध्यावरच अडकणारं पाऊल आता बरंच पुढं आलं होतं. पोटरी दाबून पाहिली, ती मोकळी होत होती. उभं करून पाहिलं तर टाच जमिनीला टेकत होती. इतक्या थोड्या दिवसांत एवढा फरक त्यानं क्वचित पाहिला होता.

"काका, तुम्ही नक्की काय केलं?"

"कागदात लिवलंय तसं. अक्षर इकडचं तिकडं केलं नाय." काकासाहेब उठून बसले. "खरं सांगू? आधी मला बी हसू आलं. म्हणलं, शेरातला डागदर, त्याला वासराचं काय ठावं? मंग इचार केला, शिकलेला माणूस हाय, काहीतरी असंल. गोठ्याच्या भिंतीला दोन्ही हात लावले. येक पाय मागं. आता वासरू ताणायचं कसं? तर आमची कालवड हाय, लाडी. तिचं दावं कमरंला बांदलं. म्या पुढं झुकलो की दावं ताणतंय, ती मागं वढती. म्या पुढं, ती मागं. ती कंटाळली की थांबायचं. लिवलंच हाय की, वासराला तरास झाला तर लगीच थांबा."

बाकावरचे दोघं-तिघं पेशंट पुढं सरकून ऐकू लागले होते. सोनियानं फाईलमागं तोंड लपवलं.

"आन् मंग दुसरं वासरू," काकासाहेब म्हणाले. "माझ्याकडं तर येकच. मंग शेजारच्या बन्सीचा गोऱ्हा मागून आणला. त्यो लई वढाळ! पर म्या झटका दिला नाय. त्यानं दिला तर दिला."

उजैरला हसावं का डोक्याला हात लावावा कळेना. विचार केला तर सगळं बरोबर बसत होतं. हात भिंतीला, पाय मागं, टाच खाली, पुढं झुकायचं. व्यायाम तोच होता, जसाच्या तसा. उलट दाव्याच्या ओढीमुळं माणूस अंग चोरू शकत नव्हता. पण लगेच त्याला त्यातला धोकाही दिसला. या वयात, नुकतं सांधलेलं हाड आणि कमरेला बांधलेला वढाळ गोऱ्हा. एक दिवस तो बिथरला आणि उधळला म्हणजे?

सांगायलाच हवं होतं. पण बाकावरचे लोक कौतुकानं पाहत होते आणि काकासाहेब त्यातल्या एका बाईंना दाव्याची गाठ कशी मारायची ते दाखवत होते. चारचौघांत या माणसाला 'तुम्ही चुकीचं वाचलं' म्हणायचं? आणि चूक तरी त्यांची कुठं होती?

"काका, आजपासून गोऱ्हा नको. त्याला परत करा," एवढंच तो म्हणाला. "आणि मला तुमची ती जागा बघायची आहे. रविवारी येऊ का?"

काकासाहेबांचा चेहरा फुलला. "या की! जेवायलाच या."

रविवारी आमरीनही निघाली. "मला ही कालवड बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही," ती म्हणाली. एसटीनं कन्नड आणि पुढं जीपनं वस्तीच्या फाट्यापर्यंत. डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. रस्त्याच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला ज्वारी कमरेच्या वर उभी. फाट्यावर काकासाहेब स्वतः घ्यायला आले होते, आणि पायी आले होते. उजैर त्यांच्या मागून चालत त्यांची पावलं बघत होता. डावा पाय अजून किंचित लवकर उचलला जात होता. बाकी चाल चांगली होती.

दगडाबाई, काकासाहेबांच्या घरधनीण, अंगणात उभ्या होत्या. ठेंगण्या, ठसठशीत, पदर खोचलेला. आमरीनचा हात धरून त्यांनी तिला बाजेवर बसवलं. "बस बाई. लई वाट झाली. च्या घ्या आधी." चहा झाला, आणि काकासाहेबांनी पाहुण्यांना गोठ्यापाशी नेऊन प्रयोग करून दाखवला. लाडी तांबडी, कपाळावर चांद असलेली. सवयीनं ती आपण होऊन त्यांच्या मागं येऊन उभी राहिली. काकासाहेब भिंतीला टेकून पुढं झुकले, दावं ताणलं गेलं, लाडीनं चारी पाय रोवले. आमरीननं ओठ घट्ट मिटून घेतले, पण डोळ्यांतलं हसू काही लपेना.

"काका," उजैर म्हणाला, "दावं सोडा. तुमच्याशी बोलायचं आहे."

गोठ्याच्या सावलीत दगडावर बसून त्यानं सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, अडखळत, मध्येच हिंदी शब्द घालत. की मराठी लिहायला त्याला जमत नाही, की लाजेपोटी त्यानं कुणाला विचारलं नाही, की फोननं पोटरीचं वासरू केलं. की कागद चुकला, आणि चूक त्याची, काकांची नाही.

काकासाहेब ऐकत होते. हळूहळू त्यांची मान खाली गेली. सोडलेलं दावं त्यांनी हातात गुंडाळलं, पुन्हा उलगडलं. सगळ्या वस्तीला, कन्नडच्या बाजारात भेटेल त्याला, त्यांनी या व्यायामाची कहाणी सांगितली होती. उजैरला ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि जमीन दुभंगावी असं त्याला वाटत होतं.

"म्हंजे ह्या पिंढरीचं व्हतं तर," अखेर ते म्हणाले आणि त्यांनी पोटरीवर थाप मारली.

"पिंढरी?" उजैरनं चमकून विचारलं. "आम्ही पिंडली म्हणतो."

"मंग येकच की. पिंढरी म्हणा, पोटरी म्हणा."

दगडाबाई जवळच सुपात काहीतरी पाखडत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "मला पयल्याच दिशी कळलं व्हतं."

काकासाहेब गर्रकन वळले. "काय कळलं व्हतं?"

"का पोटरीचं असंल. दुखनं तिथंच, पाय मागं घ्या म्हनतंय, टाच टेका म्हनतंय. दुसरं काय असतंय?"

"मंग बोलली का नाय?"

"बोलले असते तर तुमी केलं असतं?" दगडाबाईंनी सूप खाली ठेवलं. "त्या आधीच्या डागदरनं काय कमी येयाम सांगितले? येक दीस तरी केले का? भिंतीला हात लावून उगंच उबं राहायला म्या काय येडा हाय का, आसं म्हनला व्हता. डागदरसाहेब, वासरू म्हनलं तर ह्ये उठले. सकाळचं उठायचे, लाडीला पानी पाजायचे, बन्सीकडं जायचे गोऱ्हा आणायला. सा महिने बाजेवर पडल्याला मानूस हिंडायला लागला. म्या कशाला बोलू?" मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाल्या, "पर गोऱ्हा आणला की म्या हितंच उबी राहायची, इळा घिऊन. वढ लागली तर दावं कापायला."

उजैरनं पाहिलं, गोठ्याच्या खांबाला खरंच एक विळा अडकवलेला होता. रोज सकाळ-संध्याकाळ ही बाई इथं उभी राहिली होती, आणि नवऱ्याला वाटत होतं, गंमत बघायला येते.

काकासाहेबांनी विळ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. रागावले की हसले ते त्यांच्या मिशांखाली समजेना. मग त्यांनी एकदम आमरीनकडं वळून विचारलं, "तुमी इंग्रजी शिकिवता म्हणं. मला येक सांगा. ह्या पायाला त्यांनी वासरू का म्हणलं? ते लोक काय येडे नव्हते. काहीतरी बघितलं असंल."

आमरीनला हा प्रश्न फार आवडला. कॉलेजात इतक्या वर्षांत कुणी तो विचारला नव्हता.

"नक्की कुणालाच ठाऊक नाही काका," ती म्हणाली. "गाईच्या वासराचा शब्द इंग्रजांचा स्वतःचा, फार जुना. पायाचा मात्र बहुतेक उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी आणला. ते बोटींतून इंग्लंडात आले, तिथंच राहिले, शब्द मागं ठेवून गेले. आपल्याकडं फारसी शब्द राहिले ना, तसंच. दोन्ही एकसारखेच का, यावर विद्वान भांडतात. काही म्हणतात, दोन्हींच्या मुळाशी एकच जुना शब्द असावा, फुगणं, भरून येणं, पोट मोठं होणं असा काहीतरी अर्थ असलेला. गाय गाभण असते तेव्हा पोट भरून येतं, त्यातून वासरू. आणि पायाचा हा भाग भरलेला, फुगीर. पण हा अंदाज आहे, पुरावा नाही."

"पोट," काकासाहेब म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "पोट, पोटरी." आणि ते ताडकन उठले. "चला माझ्या संगट."

बांधावरून ते पुढं, मागं उजैर आणि आमरीन. दगडाबाईही आल्या. ज्वारीच्या पहिल्याच ओळीत काकासाहेब थांबले आणि एका ताटाच्या शेंड्याशी त्यांनी बोट ठेवलं. तिथं वरच्या पानाचं आवरण फुगलेलं होतं, पायाच्या मागच्या गोळ्यासारखं, खालून निमुळतं, मध्ये भरलेलं.

"ह्याला काय म्हणत्यात सांगा."

उजैरनं मान हलवली.

"पोटरी. ज्वारी आता पोटरीत आलीय. कणीस अजून भायेर नाय, आत हाय. दिसत नाय, पर हाय." त्यांनी ते एक ताट वाकवलं आणि नखानं आवरण हलकेच चिरलं. आत पांढुरकं हिरवं, ओलसर कणीस अंग चोरून बसलं होतं, दाणे अजून मोहरीएवढेही नव्हते. "बघा. गाभण. हे बी पोट, पायाचं बी पोट, आन् तुमच्या इंग्रजाचं बी तेच असंल तर असंल."

आमरीननं ते कणीस तळहातावर घेतलं. तिच्या शब्दकोशांत हे कुठंच नव्हतं. "मी इथंच जन्मले काका," ती म्हणाली, "पण पोटरी म्हणजे मला फक्त पाय ठाऊक होता."

"आन् मला वासरू म्हणजे फक्त वासरू," काकासाहेब म्हणाले आणि पहिल्यांदा खदखदून हसले. "फिट्टंफाट!"

"येक कणीस वाया घालीवलं," दगडाबाई म्हणाल्या, पण त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती.

उजैर वाकून दुसऱ्या एका ताटाच्या फुगवट्यावरून बोट फिरवत होता. त्याच्या हातांना शरीरातला प्रत्येक गोळा ओळखता यायचा. कुठला आखडलाय, कुठला सुटलाय, हे डोळे मिटून सांगता यायचं. पण त्या गोळ्यांची नावं त्याच्या लेखी आजवर परीक्षेची नावं होती. इथं एक नाव रानात उगवलेलं दिसत होतं. त्याला उगीचच हलकं वाटलं. ज्या भाषेला तो परक्याच्या दाराला बिचकावं तसा बिचकत होता, तिथं त्याच्या घरातली पिंडली नुसत्या दोन अक्षरांच्या फरकानं आधीपासून बसलेली होती.

जेवणं अंगणात झाली. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वांग्याचं भरीत आणि वाटीभर ताजं लोणी. दगडाबाई आमरीनला वाढतच होत्या. जेवता जेवता बन्सी आला, गोऱ्ह्याचा मालक, आणि त्याच्यामागून वस्तीवरची आणखी दोन-चार माणसं. शहरातला डॉक्टर आलाय ही खबर पसरली होती.

उजैर मनातून धास्तावला. आता हसणार हे लोक.

पण काकासाहेबांनी कुणाला संधीच दिली नाही. ते बाजेवर मांडी ठोकून बसले आणि स्वतःच सगळी कहाणी सांगायला लागले, फोनचं, कागदाचं, गोऱ्ह्याचं. स्वतःची फजिती त्यांनी इतकी रंगवली, की बन्सीला ठसका लागला. विळ्याच्या गोष्टीपाशी मात्र ते थोडे हळू झाले. "आन् ही," दगडाबाईंकडं बोट न दाखवता, नुसत्या हनुवटीनं खूण करत ते म्हणाले, "ही रोज उबी राहिली. मला ठावं नव्हतं." मग लगेच पुढच्या गोष्टीवर गेले.

हसणं ओसरल्यावर बन्सी पुढं सरकला. "डागदरसाहेब, आता आलायच तर माझं बी बघा. बकोटं लई दुखतंय. हात वर जात नाय."

"बकोटं?" उजैरनं ताटातच हात धुतला आणि तो उठला. "कुठं, दाखवा."

बन्सीनं दंड आणि खांदा यांच्यामधल्या जागेवर हात ठेवला. उजैरनं तिथं अंगठा दाबला. बन्सी कळवळला.

"बकोट," उजैर स्वतःशी म्हणाला. "बरं. हा हात असा हळूहळू वर घ्या. नाही, एवढ्या जोरात नाही."

बन्सीमागं एक म्हातारा माकडहाड दुखतं म्हणून उभा होता. माकडहाड म्हणजे काय हे उजैरनं विचारलं, तेव्हा सगळ्यांनी एकदम आपापल्या पाठीमागं हात लावून दाखवलं आणि पुन्हा हशा पिकला. त्याच्यामागं एका बाईचा खुबा धरला होता. आमरीन उन्हात बाजेवर बसून हा सगळा बाजार बघत होती. जीपची वेळ झाली हे तिला माहीत होतं, पण तिनं भावाला हाक मारली नाही. दगडाबाईंनी दुसऱ्यांदा चहाचं आधण ठेवलं, आणि उजैर एकेकाला विचारत राहिला, "कुठं दुखतं? हात ठेवून दाखवा. आणि तुम्ही त्याला काय म्हणता, तेही सांगा."